उरलेल्या चिकनचं झटपट सूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजलेली किंवा उकडलेली कोंबडी उरते तेव्हा हातात दोन वेगळ्या गोष्टी असतात. मांस एकदा पूर्ण शिजलेलं असतं, त्याला आता फक्त गरम व्हायचं असतं. हाडांमध्ये मात्र अजून बरीच चव असते आणि ती पाण्यात उतरायला वेळ लागतो. दोन्ही एकाच वेळी पातेल्यात टाकलं की पाणी चवदार होईपर्यंत मांसाचा भुसा होतो. उरलेल्या चिकनचं सूप बहुतेक वेळा इथेच बिघडतं, म्हणून खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल. मोजमापात चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

चार जणांसाठी मूळ कृती काय?

साहित्य: एका मध्यम कोंबडीचा सांगाडा, सुटं केलेलं मांस २५० ते ३०० ग्रॅम, पाणी दीड लिटर, कांदे २, गाजरं २, सेलरीची एक दांडी (नसली तरी चालेल), बटाटा १, लसणाच्या २ पाकळ्या, तमालपत्र १, मिरे ८-१०, तेल किंवा लोणी १ मोठा चमचा, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस.

आधी हाडांवरचं मांस हातानं सोडवा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सांगाडा मोडून तीन-चार तुकडे करा. त्यामुळे तो पाण्यात पूर्ण बुडतो आणि जास्तीचं पाणी घालायची वेळ येत नाही. हाडं, एक कांदा (चार फोडी करून), तमालपत्र आणि मिरे थंड पाण्यात घालून गॅसवर चढवा. उकळी फुटताच आच मंद करा. पृष्ठभागावर इकडेतिकडे एखादा बुडबुडा यावा, खळखळ नको. असं ३० ते ४० मिनिटं राहू द्या.

तोवर दुसऱ्या पातेल्यात तेलावर बारीक चिरलेला दुसरा कांदा, गाजर आणि सेलरी चिमूटभर मीठ घालून ६ ते ८ मिनिटं परता. कांदा मऊ होऊन कडांना सोनेरी झाला पाहिजे. लसूण अगदी शेवटी, अर्धा मिनिट. आता हाडांचं पाणी यात गाळून घ्या. साधारण १.२ लिटर भरेल. बटाट्याचे दीड सेंटिमीटरचे तुकडे घालून १२ मिनिटं शिजवा. बटाट्यात सुरी सहज शिरली की मांस घाला आणि ३ ते ४ मिनिटं गरम होऊ द्या. मांसासह सगळं सूप वाफाळतं गरम झालं पाहिजे. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. मीठ चाखून घाला, गॅस बंद करा, मग लिंबू पिळा.

एकूण वेळ सुमारे एक तास, त्यातलं प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचं.

एक तासही नाही. वीस मिनिटांत होईल का?

होईल, पण हाडांशिवाय. भाज्या परता, तयार स्टॉक (हाडं उकळून गाळलेलं चवदार पाणी) किंवा स्टॉक क्यूबचं पाणी १.२ लिटर घाला, भाज्या १० मिनिटं शिजवा, शेवटी मांस घाला. क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं, म्हणून पाकिटावर सांगितलेल्या पाण्यासाठी अर्धाच क्यूब वापरा आणि कमी पडलं तर वाढवा.

क्यूबही नसेल तर साध्या पाण्याला खोली द्यावी लागते. त्यासाठी एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट भाज्यांबरोबर विटकरी रंगावर येईपर्यंत परता, किंवा १०० ग्रॅम मशरूम पाणी आटून तपकिरी होईपर्यंत परता, किंवा दोन चमचे सोया सॉस घाला. यातला कोणताही एक उपाय पुरतो. कोंबडी भाजलेल्या ट्रेच्या तळाशी चिकटलेला रस शिल्लक असेल तर तो आधी वापरा. थोड्या गरम पाण्यानं सोडवून घेतला की तो कोणत्याही क्यूबपेक्षा चांगला. चमचाभर घालून चाखा, कारण तोही खारट असतो.

प्रेशर कुकरमध्ये हाडं किती वेळ?

पूर्ण प्रेशर आल्यावर मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ लावा. पाणी धरून कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. वाफ जबरदस्तीनं काढू नका. प्रेशर एकदम उतरलं की आतलं पाणी जोरात उसळतं, चरबी त्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ होतं. आपोआप उतरू दिलं तर स्टॉक बराच स्वच्छ निघतो. कुकरमध्ये फक्त हाडं घाला, मांस नाही.

किती दिवसांचं शिजलेलं चिकन चालेल?

४ अंश किंवा त्याखाली चालणाऱ्या फ्रिजमध्ये, झाकून ठेवलेलं, तीन ते चार दिवस. हे दिवस चिकन पहिल्यांदा शिजलं तेव्हापासून मोजायचे. सूप नंतर गोठवायचा विचार असेल तर ते पहिल्या दोन दिवसांतच करा.

चिकन रात्रभर ओट्यावर राहिलं. चांगलं उकळलं तर चालेल का?

नाही. टाकून द्या. ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगानं वाढतात, म्हणून शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. उकळल्यानं जिवाणू मरतात, पण काही जिवाणूंनी, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस ऑरियसनं, आधीच सोडलेलं विष उकळूनही टिकतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचे बीजाणू (त्याचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) तर पहिल्या शिजवण्यातूनही जिवंत राहतात आणि कोमट अन्नात पुन्हा वाढतात. नाकावर विसंबू नका. आजारी पाडणारे जिवाणू भरपूर वाढले तरी वास अजिबात बदलत नाही, असं होऊ शकतं.

ताटातली, खाऊन झालेली हाडं वापरावीत का?

न वापरलेली बरी. तोंडाला आणि हाताला लागलेली हाडं जेवण संपेपर्यंत बाहेरच असतात. सोपा मार्ग म्हणजे कोंबडी वाढण्याआधीच सांगाडा वेगळा काढणं. तो लगेच फ्रिजमध्ये जातो, आणि सूप तीन-चार दिवसांत होणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. गोठलेली हाडं थेट थंड पाण्यात घातली तरी चालतात.

मांस चोथट आणि कोरडं का लागतं? ते तर पाण्यातच होतं.

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. बाहेर पाणी असलं म्हणून मांसाच्या आत ओलावा राहतोच असं नाही. उष्णतेनं स्नायूंमधली प्रथिनं आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. पहिल्यांदा शिजताना हे एकदा झालेलं असतं. पुन्हा उकळलं की उरलेलं पाणीही जातं, आणि बाहेर कितीही सूप असलं तरी ते तंतूंमध्ये परत शिरत नाही.

छातीच्या मांसाला याचा त्रास सर्वात जास्त होतो. त्यात चरबी कमी आणि संयोजी ऊतीही (स्नायूंना बांधून धरणारा चिवट भाग) कमी, त्यामुळे जास्त शिजवून त्याला मिळण्यासारखं काहीच नसतं. मांडीच्या मांसात कोलॅजन, म्हणजे या ऊतींमधलं प्रथिन, जास्त असतं आणि ते विरघळून मऊपणा देतं, म्हणून मांडीचे तुकडे १०-१५ मिनिटं मंद आचेवर राहिले तरी बिघडत नाहीत. दोन्ही प्रकारचं मांस असेल तर मांडीचं आधी घाला, छातीचं सगळ्यात शेवटी.

चिरण्यानंही फरक पडतो. छातीच्या मांसाचे लांब धागे ओढून सोडवले तर चमच्यात गुंता येतो आणि चावायला वेळ लागतो. तंतूंना आडवं कापून सेंटिमीटरभराचे तुकडे केले तर तेच मांस मऊ वाटतं. मांस आधीच खूप कोरडं झालं असेल तर ते भांड्यात घालूच नका. वाडग्यात ठेवा आणि वरून उकळतं सूप ओता. मात्र अशा वेळी मांस आधी वेगळं, थोड्या स्टॉकमध्ये, वाफाळेपर्यंत गरम करून घ्यायला हवं.

सूप पाणचट लागतं. काय कमी पडलं?

आधी मीठ तपासा. सूपला साधारण लिटरमागे ७ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे बारीक मिठाचा एक सपाट चमचा आणि वर चिमूटभर. चिकनमधलं मीठ यातच धरायचं. त्यामुळे मीठ सुरुवातीला मोजून घालू नका. मांस पडल्यावर मिनिटभरानं चाखा आणि मग ठरवा.

मीठ बरोबर असूनही चव पातळ असेल तर पाणी जास्त झालं आहे. एका सांगाड्याला दीड लिटर ही वरची मर्यादा समजा. जास्तीचं पाणी मांस घालण्याआधी, झाकण काढून, मोठ्या आचेवर आटवा. गाळलेला स्टॉक खळखळ उकळला तर तितकंसं बिघडत नाही, कारण आता त्यात हाडं नाहीत आणि चरबीही काढून टाकता येते.

दोन्ही ठीक असेल तर आंबटपणा कमी आहे. लिंबाचा चमचाभर रस घालून पुन्हा चाखा. चव उघडते म्हणतात ती अशी.

सूप गढूळ आणि पांढुरकं झालं. खराब झालं का?

नाही, फक्त दिसायला तसं. जोरात उकळल्यानं चरबीचे बारीक थेंब आणि प्रथिनांचे कण पाण्यात मिसळून जातात. चवीत फरक पडतो तो एवढाच की सूप जरा जड लागतं. स्वच्छ हवं असेल तर पुढच्या वेळी आच कमी ठेवा, हाडं ढवळू नका, आणि गाळताना गाळणीतला चोथा दाबू नका.

खारट झालं तर? बटाटा घालून मीठ शोषलं जातं ना?

बटाटा खारट पाणी शोषतो, एकटं मीठ नाही. म्हणून बटाटा काढून टाकल्यावर सूप कमी होतं, खारटपणा तेवढाच राहतो. खरा उपाय म्हणजे पातळ करणं. लिटरला १० ग्रॅम मीठ झालेल्या सूपमध्ये ३०० मिली बिनमिठाचं पाणी किंवा स्टॉक घातलं की प्रमाण ७.७ ग्रॅमवर येतं. पाणी वाढल्यानं चव उतरेल, ती भरून काढायला बिनमिठाचा भात, नूडल्स किंवा उकडलेल्या डाळी वाढवा. थोडा खारटपणा लिंबानं किंवा क्रीमनं झाकला जातो, जास्त असेल तर नाही.

कडवट चव कुठून येते?

बहुतेक वेळा भाजताना काळ्या पडलेल्या कातडीतून किंवा करपलेल्या लसणातून. दुसरं कारण सहज लक्षात येत नाही: कोंबडीच्या पोटात भाजताना लिंबाची फोड ठेवलेली असते आणि ती सांगाड्याबरोबर तशीच उकळली जाते. सालीखालचा पांढरा भाग बराच वेळ उकळला की कडू होतो. सांगाड्याचं पोट रिकामं करून, काळे भाग खरवडून मगच हाडं पाण्यात घाला. एकदा सूपमध्ये उतरलेला कडवटपणा नीट निघत नाही.

फ्रिजमधल्या चिकनला एक शिळकट, पुठ्ठ्यासारखा वास येतो. सूपमध्येही तो राहतो. का?

चिकन खराब झालेलं नसतं, तरी हा वास येऊ शकतो. शिजवताना मांसातलं लोह मोकळं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं मेद खवट व्हायला लागतो. कोंबडी आणि टर्कीच्या मेदात असंतृप्त मेदाम्लं बरीच असतात, ती लवकर खवटतात. एक-दोन दिवसांतच फरक जाणवतो, आणि पुन्हा गरम केलं की वास उठून येतो.

टाळायचं तर हवा लागू द्यायची नाही. मांसाचे तुकडे मोठे ठेवा, सोडवायचं काम सूप करायच्या वेळी करा. डबा मांसाच्या मापाचा घ्या, वर रिकामी जागा नको. उरलेली ग्रेव्ही किंवा स्टॉक असेल तर मांस त्यात बुडवून ठेवणं सगळ्यात उत्तम. वास आधीच आला असेल तर कांदा, लसूण, मिरी, रोजमेरी किंवा थाइमचा हात सढळ ठेवा आणि शेवटी लिंबू पिळा. साध्या, पातळ सूपपेक्षा टोमॅटोच्या सूपमध्ये तो कमी कळतो.

मसाला लावलेलं, सॉसमधलं किंवा तळलेलं चिकन चालतं का?

मसाल्याचं आणि सॉसचं चालतं, पण मग सूपची चव तेच ठरवणार हे मान्य करा. हाडं उकळण्याआधी गरम पाण्यात पटकन खळबळून घेतली तर मीठ आणि तिखट बरंचसं उतरतं. गोड सॉस असेल तर गाजर कमी घ्या. तळलेल्या चिकनचं आवरण मात्र पूर्ण काढा. ते सूपमध्ये फुगून लगदा होतं आणि शोषलेलं तेल वर सोडतं.

कातडीचं काय करायचं?

तपकिरी कातडी हाडांबरोबर उकळली तर रंग आणि चव दोन्ही येतात, चरबीही येते. गाळताना काढून टाका, कारण सूपमधली मऊ कातडी रबरासारखी लागते. पातळ तुकडे करून कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत केली तर वाढताना वर घालता येते.

तवंग कसा काढू?

वेळ असेल तर स्टॉक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, चरबी वर थिजते आणि चमच्यानं अख्खी उचलली जाते. घाईत असाल तर पातेलं गॅसवरून उतरवून पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि पळीनं वरचा थर अलगद काढा. बर्फानं भरलेल्या स्टीलच्या पळीचा तळ पृष्ठभागावरून फिरवला तरी चरबी तिला चिकटते. सगळी काढू नका, थोडी चव तिच्यातच असते.

थंड झाल्यावर स्टॉकची जेली झाली!

छान झालं आहे. हाडं आणि कूर्चा यांतलं कोलॅजन जिलेटिन होऊन पाण्यात उतरलं, म्हणून तो गोठला. गरम केलं की पातळ होईल. झाली नाही तरी काळजी नको, अर्ध्या तासाच्या उकळण्यात बहुधा होत नाही.

बटाटा कितीही उकळला तरी कडकच. असं का?

टोमॅटो, व्हिनेगर किंवा लिंबू आधी घातलं असेल. आम्लात भाज्यांमधलं पेक्टिन (पेशींना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) विरघळत नाही आणि त्या मऊ पडत नाहीत. गाजराचंही तसंच. आधी भाज्या पूर्ण शिजवा, आंबट नंतर.

नूडल्स आणि भात कधी घालायचे?

एकाच बैठकीत सूप संपणार असेल तर लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम कोरडे नूडल्स थेट सूपमध्ये शिजवा. मांस घालायच्या आधी, पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी. सूप उरणार असेल तर नूडल्स वेगळे उकडा, वेगळे ठेवा आणि वाढताना वाडग्यात घाला. सूपमध्ये राहिले तर रात्रीतून ते सगळं पाणी पितात आणि सकाळी हातात लापशी येते. भाताचंही तेच. शिळा भात वापरायचा तर तोही शिजल्यावर लवकर फ्रिजमध्ये गेलेलाच असावा, कारण बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही टिकतात.

दाट कसं करू, आणि गुठळ्या का होतात?

कॉर्नफ्लोअर गरम सूपमध्ये कोरडंच टाकलं की बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडं राहतं, तीच गुठळी. लिटरला २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर ४ मोठे चमचे थंड पाण्यात कालवा, ढवळत ढवळत धारेनं सोडा आणि एक उकळी येऊ द्या. फार वेळ उकळू नका, पुन्हा पातळ होतं.

गोठवायचं असेल तर कॉर्नफ्लोअर टाळा, वितळल्यावर पाणी सुटतं. पिठाशिवायचा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे: शिजलेल्या बटाट्याचे आणि गाजराचे तिसरा हिस्सा तुकडे काढून मिक्सरमध्ये थोड्या स्टॉकबरोबर वाटा आणि परत मिसळा. उकळतं सूप मिक्सरमध्ये काठोकाठ भरू नका, वाफेनं झाकण उडतं. अर्धंच भरा आणि झाकणावर फडकं धरा.

दूध घातलं की सूप फाटतं.

आम्ल, उकळी आणि कमी स्निग्धांश, या तिन्हींमुळे फाटतं. ३० टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं क्रीम बरंच सहन करतं, दूध नाही. दूधच वापरायचं तर लिंबू वगळा, गॅस मंद करा, वाटीभर गरम सूप दुधात मिसळून मग ते मिश्रण पातेल्यात घाला आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका.

टर्की किंवा बदक असेल तर काय बदलतं?

टर्कीचा सांगाडा मोठा असतो, त्याला तीन ते चार लिटर पाणी आणि दीड तास तरी द्या. बदकाला चरबी फार, म्हणून कातडी वगळा आणि शक्य असेल तर स्टॉक आदल्या दिवशी करून थिजलेली चरबी काढा. ती चरबी टाकू नका, बटाटे परतायला उत्तम.

उरलेलं सूप कसं साठवायचं?

मोठं पातेलं झाकून तसंच ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. सूप पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नसलेल्या डब्यांत वाटून घ्या, किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत उतरायला हवं. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस.

उणे १८ अंशांवर दोन ते तीन महिने चव चांगली राहते. डब्यात वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं. बटाट्याचे तुकडे, नूडल्स आणि क्रीम गोठवण्याआधी घालू नका.

पुन्हा किती वेळा गरम करता येतं?

लागेल तेवढंच बाहेर काढा आणि एकदाच, ७४ अंशांपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच ढवळा आणि नंतर दोन मिनिटं थांबा, नाहीतर काठ उकळलेले आणि मध्य गार असतो.

लहान मुलांना देताना काय पाहायचं?

हाडांचे बारीक काटे. बरगड्या आणि मानेची हाडं उकळून तुटतात, म्हणून स्टॉक बारीक गाळणीतून गाळा आणि सोडवलेलं मांस एकदा बोटांनी चाचपून पाहा. डोळ्यांना न दिसणारा तुकडाही हाताला लागतो.

गाळलेली हाडं कुत्र्याला घालू का?

नाही. शिजलेली पक्ष्याची हाडं टोकदार तुकड्यांत फुटतात आणि घशात किंवा आतड्यात इजा करू शकतात. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी असतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर उकळलेला स्टॉक आणि चोथाही देऊ नका. कुत्र्यासाठी काही ठेवायचं असेल तर सूपला हात लावण्याआधी, बिनमसाल्याच्या मांसाचा तुकडा हाडाशिवाय बाजूला काढा.